ओढण्याआधी दाराचा स्टिकर वाचा
वाचकांचे प्रश्न : पिकअप, ट्रेलर आणि गाडीतली मदतनीस यंत्रणा

या वेळची बहुतेक पत्रं अमेरिकेतल्या वाचकांची आहेत. मुलांच्या सुट्ट्या लागायच्या आत कॅम्पर ट्रेलर घ्यायचा, तो ओढायला पिकअप कुठला, आणि हात सोडून चालणाऱ्या गाड्यांचं खरं किती मानायचं, असे प्रश्न आहेत. वजनं तिथल्या पद्धतीने पौंडात दिली आहेत. किलोत हवी असतील तर २.२ ने भागा.

प्रश्न : आम्हाला शेव्हरोलेची सिल्व्हराडो १५०० क्रू कॅब (चार दारांची पिकअप) पसंत पडली आहे. विक्रेता म्हणतो, ही अकरा हजार पौंड ओढते. आमच्या मनातला २८ फुटी ट्रेलर रिकामा ५,९०० पौंडांचा आहे आणि पूर्ण भरून त्याची मर्यादा ७,५०० आहे. म्हणजे साडेतीन हजारांची मोकळीक उरते ना? घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई.
(फ्रिस्को, टेक्सास)

उत्तर : उरत नाही. अकरा हजारांचा आकडा खोटा नाही, पण तुमच्या कामाचा आकडा वेगळा आहे. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून एवढ्या वजनापेक्षा जास्त नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा झाला पेलोड. अर्ध्या टनाच्या वर्गातल्या, म्हणजे १५०० सारख्या, पिकअपमध्ये ओढायची ताकद संपायच्या कितीतरी आधी पेलोड संपतो. त्याच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या असल्या तरी सनरूफ, मोठी चाकं, फोर-व्हील ड्राइव्ह यांमुळे या आकड्यात दोन-तीनशे पौंडांचा फरक पडतो. म्हणून माहितीपत्रकातला पेलोड धरू नका, जी गाडी घेणार तिचाच स्टिकर वाचा.

तुमच्या गाडीचा स्टिकर १,६५० पौंड दाखवतो असं धरू. आता हिशेब मांडा. पाच माणसं कपड्या-बुटांसकट ६४०. या स्टिकरच्या हिशेबात ड्रायव्हरही येतो, हे बरेच जण विसरतात. ट्रेलर गाडीला जोडणारा, वजन वाटून देणारा हिच (वेट डिस्ट्रिब्यूशनवाला) ९०. मागच्या हौद्यात छोटा जनरेटर, कूलर, खुर्च्या, सायकली मिळून १६०. ट्रेलर रिकामा ५,९०० चा असला तरी रिकामा कधीच निघत नाही. चाळीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की ३३४ पौंड वाढतात (गॅलनला ८.३४), आणि भांडी, अंथरुणं, किराणा, बॅटरी धरून तो आरामात ७,००० वर जातो. त्यातलं १० ते १५ टक्के वजन हिचच्या गोळ्यावर, म्हणजे थेट गाडीच्या पाठीवर येतं. १३ टक्के धरा : ९१० पौंड.

६४० + ९० + १६० + ९१० = १,८००. स्टिकरपेक्षा दीडशे जास्त. आणि गाडीने अजून ट्रेलर ओढायला सुरुवातही केलेली नाही.

मग विक्रेत्याचा आकडा आला कुठून? एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची जे२८०७ नावाची चाचणीची पद्धत आहे. टोयोटाने ती आधी स्वीकारली, मागाहून बाकीच्यांनी. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा ११.४ मैलांचा चढ शंभर अंश फॅरनहाइटच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढायचा. बारा टक्क्यांच्या चढावर थांबून पुन्हा निघायचं, तेही पाच मिनिटांत पाच वेळा. परीक्षा कडक आहे, पण तिच्यात गाडीत दीडशे-दीडशे पौंडांची दोनच माणसं असतात आणि हौद्यात जवळपास काही नसतं. तुमच्या गाडीत आई आहे, मुलं आहेत, जनरेटर आहे.

आईंना घरी ठेवा असं आम्ही म्हणणार नाही. हौद्यातलं १६० पौंडांचं सामान ट्रेलरमध्ये चाकांच्या बरोबर वर ठेवा आणि टाकी रिकामी घेऊन निघा, पाणी कॅम्पवर भरता येतं. ट्रेलर ६,८२६ चा होतो, गोळ्यावरचं वजन ८८७ वर येतं आणि बेरीज १,६१७ होते. बसलं, पण ३३ पौंड राखून, आणि तेवढं वजन तर एका भरलेल्या कूलरचंच असतं. शिवाय डीलरने मागाहून बसवलेली पायरी, हौद्याचं झाकण, रबरी अस्तर यांचं वजन स्टिकरमध्ये धरलेलं नसतं. त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे : हाच ट्रेलर हवा असेल तर सिल्व्हराडो २५०० किंवा फोर्ड एफ-२५० च्या वरच्या वर्गात जा. १५०० च हवी असेल तर पूर्ण भरून सहा हजारांच्या आत बसणारा ट्रेलर शोधा.

घेतल्यावर एकदा ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर, जा. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर, तिन्हींचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. पहिल्यांदा ट्रेलर जोडून पण हिचचे वजन वाटणारे बार न लावता, नंतर एकटी गाडी. दोन्ही वेळच्या गाडीच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजा वजा केल्या की गोळ्यावरचं खरं वजन कळतं. दोन्ही वेळा माणसं आणि सामान तेच राहू द्या, नाहीतर वजाबाकी फसते.

प्रश्न : फोर्डची एफ-१५०, जनरल मोटर्सच्या सिल्व्हराडो/सिएरा, रॅम १५०० आणि टोयोटाची टुंड्रा, ट्रेलर लावलेला असताना या चौघींपैकी कुणाची ड्रायव्हर-असिस्ट यंत्रणा सर्वांत कामाची? रोज ऑफिसला जाताना नव्हे, ट्रेलर लावूनच विचारतो आहे.
(एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : तुम्ही शेवटचं वाक्य लिहिलंत हे बरं केलंत. एरवीच्या तुलनेत पहिली येणारी गाडी ट्रेलर जोडल्यावर पहिली राहीलच असं नाही.

हमरस्त्यावर हात सोडून, मागे ट्रेलर घेऊन चालायचं असेल तर जनरल मोटर्सची सुपर क्रूझ. २०२२ च्या सुधारित सिएरा डेनाली आणि सिल्व्हराडो हाय कंट्रीपासून ती ट्रेलरसह चालते. आधीच नकाशे तयार केलेल्या महामार्गांवरच ती हात सोडू देते. स्टिअरिंग कॉलमवरचा कॅमेरा तुमचे डोळे रस्त्यावर आहेत का हे बघत राहतो. ट्रेलर लावलेला असताना ती आपणहून लेन बदलत नाही, आणि तेच योग्य आहे. गाडीच्या पडद्यावर ट्रेलरची नोंद, म्हणजे प्रोफाइल, मात्र नीट भरा.

जोडायला, मागे घ्यायला आणि वजन बघायला फोर्ड पुढे आहे. मागे घेण्याचा गोल खटका, प्रो ट्रेलर बॅकअप असिस्ट, २०१६ च्या एफ-१५० वर आला. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला खटका फिरवायचा, स्टिअरिंग गाडी स्वतः सांभाळते. २०२४ पासून गाडी आपणहून मागे येऊन गोळा कपलरखाली, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाच्या खोबणीखाली, आणते. ब्लाइंड स्पॉटची (आरशात न दिसणाऱ्या बाजूची) सूचना ३३ फुटी ट्रेलरपर्यंत वाढवता येते. २०२१ पासून ऑनबोर्ड स्केल्सचा पर्यायही आहे, म्हणजे गोळ्यावर किती वजन आलं हे पडद्यावर दिसतं. आमच्या मते ट्रेलरवाल्याने हात सोडून चालवण्याच्या सोयीऐवजी या वजनकाट्यावर पैसे घालावेत. पहिल्या उत्तरातला सगळा घोळ तिथेच दिसला असता.

रॅममध्ये ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग सांभाळणारी यंत्रणा आहे, आणि चारही कोपऱ्यांचं एअर सस्पेन्शन घेता येतं. त्याने गाडी सरळ दिसते, पेलोड वाढत नाही. मागची बाजू खाली बसलेली दिसत नाही म्हणून वजन जास्त झाल्याचं कळतही नाही, हा त्यातला धोका. टुंड्रात हात सोडायची सोय नाही, पण टोयोटा सेफ्टी सेन्स हा सुरक्षा यंत्रणांचा संच सर्व मॉडेलांवर येतो आणि ट्रेलर सरळ मागे न्यायला स्ट्रेट पाथ असिस्ट मिळतं. ट्रेलर सरळ रेषेत मागे ढकलणं नवख्याला जमत नाही, त्यामुळे हे फीचर दिसतं त्याहून उपयोगी आहे.

आता या यंत्रणांचा कमकुवत भाग. हमरस्त्याच्या वेगात, विशेषतः रात्री, पुढे उभी असलेली गाडी ओळखायला त्या चुकू शकतात. रडारला पुलांचे कठडे, पाट्या, लोखंडी फळ्या अशा शेकडो स्थिर वस्तूंचे परावर्तन मिळत असतात. प्रत्येकासाठी ब्रेक मारला तर गाडी चालवणंच अशक्य होईल, म्हणून स्थिर वस्तूंना कमी महत्त्व दिलेलं असतं. २०२४ मध्ये सॅन अँटोनिओ आणि फिलाडेल्फिया इथे ब्लूक्रूझ (फोर्डची हात सोडू देणारी यंत्रणा) चालू असलेल्या फोर्ड मस्टँग माख-ई गाड्या रात्री महामार्गावर उभ्या गाड्यांवर आदळल्या, माणसं गेली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय वाहतूक सुरक्षा संस्थेने चौकशी सुरू केली. त्याआधी मार्चमध्ये विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने, आयआयएचएसने, अशा १४ यंत्रणा तपासल्या. ड्रायव्हरचं लक्ष टिकवण्याच्या बाबतीत ११ निकृष्ट ठरल्या. सिएरावरच्या सुपर क्रूझला 'काठावर' शेरा मिळाला. तो तिथे दुसऱ्या क्रमांकाचा शेरा नव्हे, खालून दुसरा.

मागे सात हजार पौंड असताना उभ्या रांगेपाशी थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणून पुढच्या गाडीप्रमाणे वेग राखणाऱ्या अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझमध्ये पुढच्या गाडीपासूनचं अंतर सर्वांत मोठं ठेवा. घाटात, पावसात आणि रस्त्याचं काम चालू असेल तिथे क्रूझ बंद करा.

जाता जाता एक कटकट. ट्रेलर लावला तरी मागचे सेन्सर ओरडत राहतात, ब्लाइंड स्पॉटची सूचना लांबत नाही, मागे घेताना गाडी मध्येच करकचून ब्रेक मारते, अशा तक्रारी येतात. बहुतेक वेळा दोष कॉम्प्युटरचा नसतो. गाडी आणि ट्रेलरच्या तारा जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगवर गंज चढलेला असतो, त्यामुळे ट्रेलर जोडलाय हे गाडीला कळतच नाही. पिना तारेच्या बारीक ब्रशने घासा, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. हिचला सायकलचा रॅक लावला असेल तर त्याला प्लगच नसतो. तिथे मागचा ऑटो-ब्रेक मेनूतून हाताने बंद करावा लागतो.

प्रश्न : डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने डोंगरात जातो. ट्रेलर ६,२०० पौंडांचा. मित्र म्हणतो व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाशिवाय पर्याय नाही.
(ऑरोरा, कोलोरॅडो)

उत्तर : तुमच्या रस्त्यावर उलट आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते, कारण हवाच विरळ होते. आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे व्ही-८ ची तिथे जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. सिल्व्हराडोचं ५.३ लिटरचं ३५५ अश्वशक्तीचं इंजिन तिथे अडीचशेच्या आसपास उरतं. टर्बो इंजिन हवा दाबून आत घेतं, म्हणून त्याची घट बरीच कमी. फोर्डचं ३.५ इकोबूस्ट (४०० अश्वशक्ती, ५०० पौंड-फूट टॉर्क), रॅमचं ३ लिटरचं जुळ्या टर्बोचं सहा सिलिंडरी (साधं ४२०, जास्त ताकदीचं ५४०), टुंड्राचं हायब्रिड (४३७ आणि ५८३), जनरल मोटर्सचं ३ लिटर डिझेल (३०५ आणि ४९५), यांपैकी कुठलंही चालेल.

व्ही-८ ची बाजूही आहे, ती उतारावर. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिन स्वतःच गाडी मंद करतं, आणि मोठ्या इंजिनाचं हे ब्रेकिंग चांगलं असतं. लहान पेट्रोल टर्बोचं तेवढं नसतं, म्हणून पाय ब्रेकवर जातो आणि ब्रेक तापतात. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनाकरवी गाडी मंद करणारा) आहे, आणि या रस्त्यासाठी आम्ही तेच घेऊ. गाडी कुठलीही असो, टो/हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची पद्धत) उतार सुरू व्हायच्या आधी लावा आणि ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत दाबून धरू नका. वेग पाचेक मैल कमी होईपर्यंत जोरात दाबा, सोडा, पुन्हा वाढू द्या. जळकट वास आला तर थांबायची जागा शोधा. त्या वेळी पार्किंग ब्रेक ओढू नका.

प्रश्न : ताशी ६५ ला मोठा ट्रक शेजारून गेला की आमचा ट्रेलर शेपटीसारखा हलतो. गाडीत ट्रेलर स्वे कंट्रोल आहे म्हणे. मग हे का होतं?
(स्टॉकटन, कॅलिफोर्निया)

उत्तर : स्वे कंट्रोल हलणं सुरू झाल्यावर चाकांना वेगवेगळा ब्रेक लावतं. हलण्याचं कारण ते काढत नाही. कारण बहुधा वजनात असतं : गोळ्यावर दहा टक्क्यांहून कमी. मागच्या बंपरवर सायकली, मागच्या कपाटात डबे, मागच्या बाजूची टाकी भरलेली, आणि पुढचं हलकं झालं. साधारण ६० टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात हवं.

हलायला लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने उलट-सुलट झुंजू नका, वेग वाढवून तो सरळ करायला तर अजिबात जाऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक कंट्रोलरची (ड्रायव्हरपाशी बसवलेल्या, ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या यंत्राची) कडी हाताने दाबा. नुसते ट्रेलरचे ब्रेक लागले की तो मागे ताणला जाऊन सरळ होतो.

त्यासाठी गेन, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत ते, नीट लावलेला हवा. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर ताशी वीस-पंचवीसच्या वेगात कडी पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं लॉक होऊन घसटली तर गेन कमी करा, गाडी नुसती हळू झाली तर वाढवा. लॉक होण्याच्या किंचित खाली थांबा. दर वेळी वजन बदललं की पुन्हा. ब्रेक थंड असताना लावलेला गेन ते गरम झाल्यावर जास्त वाटतो, म्हणून आधी तीन-चार वेळा ब्रेक लावून घ्या.

दुसरा संशयित टायर. ट्रेलरच्या एसटी टायरवर वेगळी खूण नसेल तर त्यांची वेगमर्यादा बहुधा ६५ मैल असते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर, नक्षी नवी कोरी दिसत असली तरी, बदला. हवा थंड टायरमध्ये, टायरवर लिहिलेल्या दाबाइतकी भरा.

आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना मर्यादा मुळात ५५ ची आहे. ६५ ला हलतो ही तक्रार पोलिसाला सांगू नका.

प्रश्न : जोडताना कपलर नीट बसल्यासारखा वाटला, दांडी बंद झाली, तरी पहिल्या खड्ड्यात ट्रेलर सुटला. साखळ्यांनी वाचवलं.
(नेपरव्हिल, इलिनॉय)

उत्तर : गोळ्याच्या माथ्यावर कोरलेला आकार वाचा. कपलर सव्वादोन इंचांच्या जवळचा, म्हणजे २ ५/१६ चा, आणि गोळा २ इंची, अशी जोडी झालेली असणार. दांडी बंद होते, पिनही बसते, पण खड्ड्यात उडाला की कपलर गोळ्यावरून निसटतो. यापुढे प्रत्येक वेळी एक करा : दांडी बंद करून पिन घातली की ट्रेलरचा जॅक पुन्हा वर घ्या, गाडीची मागची बाजू दोन इंच उचलली जाईपर्यंत. कपलर गोळ्याला धरून राहिला तर बसलाय. सुटला, तर पार्किंगमध्येच सुटला.

साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या घ्या, म्हणजे पुढचं टोक पडलं तरी त्या झोळीत झेलतात. आणीबाणीचा ब्रेक लावणारी बारीक तार, ब्रेकअवे केबल, साखळीला अडकवू नका, गाडीच्या रिसीव्हरला (हिच जिच्यात बसतो त्या चौकोनी नळीला) वेगळी अडकवा. त्या ब्रेकची छोटी बॅटरी मेलेली असेल तर तारेचा उपयोग शून्य. वर्षातून एकदा तार ओढून, ट्रेलर गाडीने हलकेच पुढे ओढून बघा. चाकं अडली पाहिजेत.

प्रश्न : इलेक्ट्रिक पिकअप ओढायला कशी?
(सॅन होजे)

उत्तर : ओढते उत्तम, पोचते अर्ध्यावर. एफ-१५० लाइटनिंग १०,००० पौंडांपर्यंत ओढू शकते आणि टॉर्क पहिल्या इंचापासून मिळतो. पण मोठ्या बॅटरीवर ३२० मैल जाणारी गाडी उंच, चौकोनी ट्रेलर लावला की दीडशेच्या आत-बाहेर येते. दोष वजनाचा कमी, वाऱ्याच्या रोधाचा जास्त. त्यामुळे तितक्याच वजनाची बुटकी बोट ओढलीत तर बरीच पुढे जाल. बरीचशी चार्जिंगची ठिकाणं नाक आत घालून उभं राहण्यासाठी आखलेली आहेत. तिथे दर वेळी ट्रेलर सोडून ठेवावा लागतो. पन्नास-साठ मैलांवरच्या तलावासाठी घ्या, राज्य ओलांडायचं असेल तर आज नको.

प्रश्न : मुलाकडे तीन महिने जाणार आहोत. भाड्याने पिकअप घेऊन ट्रेलर लावता येईल का?
(कोथरूड, पुणे)

उत्तर : भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या करारात ट्रेलर ओढायला मनाई असते. हिच दिसतोय म्हणून परवानगी आहे असं समजू नका, कारण करार मोडला की विमा हात वर करतो. यू-हॉलसारख्या कंपनीकडून गाडी आणि ट्रेलर दोन्ही एकत्र घेता येतात. मुलाची गाडी चालवणार असाल तर त्याच्या विमा कंपनीला तुमचं नाव आधी कळवा. रिकाम्या पार्किंगमध्ये दोन शंकू ठेवून तासभर मागे घ्यायचा सराव करा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर हात डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे. थोडंसं फिरवा आणि वाट बघा. ट्रेलर उशिरा ऐकतो, आणि घाईने आणखी फिरवलं की घडी बसते, म्हणजे ट्रेलर गाडीकडे दुमडतो. घडी बसायला लागली की पुढे घेऊन सरळ करा आणि पुन्हा सुरुवात करा.